हात जोडून सोडलेलं रोप

सकाळपासून मी कमरभर पाण्यात उभी आहे आणि गेल्या रविवारी साफ केलेली जागा पुन्हा हिरवीगार झाली आहे. चौसष्टाव्या वर्षी, गुडघे बोंब मारत असताना, मी इंदूरच्या बेटमा रोडजवळच्या या तळ्यातून जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, उपसते. लोकांना वाटतं, शालिनी मॅडम फार परोपकारी. परोपकार कसला डोंबलाचा!

चार वर्षांपूर्वी जांभळ्या फुलांच्या हौसेनं ही जलकुंभी मी बाल्कनीतल्या टबात लावली. टब भरून वाहायला लागला. जिवंत झाड कचरागाडीत टाकायचं जिवावर आलं, म्हणून गणपतीच्या निर्माल्याबरोबर एक रोप इथे सोडलं. वर हातही जोडले. एका रोपानं काय होतंय, म्हटलं.

आणि मी इंदूरच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई! जलकुंभी परदेशी, तशी बटाटा, मिरचीसुद्धा परदेशीच. पण त्यांना माणसानं लावावं, जपावं लागतं. जलकुंभीला नाही. तिच्या मुलखात, दक्षिण अमेरिकेत, तिला कुरतडणारे भुंगे असतात. इथे कोणी नाही. आपलं सांडपाणी तिला आयतं खत. दोन आठवड्यांत दुप्पट होते, तुटका तुकडाही जगतो. सगळं मीच फळ्यावर लिहायची.

काठावर राहणाऱ्या गंगूबाईंचा शिंगाडा याच तळ्यात. घर त्यावरच चालतं. यंदा जलकुंभीखाली वेलींना ऊनच मिळालं नाही. नवरात्रात दोन टोपल्याही निघाल्या नाहीत. आता काठाशी अंगणाएवढा तुकडा उरलाय, तोही जाईल.

आज मला राहवलं नाही. "गंगूबाई, ही जलकुंभी मीच टाकली हो इथे. माझंच पाप आहे."

त्या काठावर उपसलेल्या ढिगाची मुळं झाडत होत्या. थांबल्या नाहीत.

"मालूम है मॅडमजी. मी पाहिलं होतं ना तुम्हाला, हात जोडताना."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"किस मुँह से बोलू? मला वाटलं, स्कूलच्या मॅडम सोडतायत तर अच्छीच चीज असणार." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याच साली एक रोप मी देपालपुरला पोरीला नेऊन दिलं. तिचाही शिंगाडाच आहे. काल फोनवर रडत होती, आई, आता काय करू? मॅडमजी, काय सांगू तिला?"

उत्तर मला पाठ होतं. कितीही उपसली तरी चिखलात पडलेलं जलकुंभीचं बी वीस-वीस वर्षं जिवंत राहतं. मी वाकून पुढचा झुबका उपसला.