तिसरा मजला, लिफ्ट नाही

ओव्हरसियरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींतले दोष काढले. प्लास्टर कुठे पोकळ आहे ते त्यांना नुसत्या टिचकीने कळायचं. निवृत्तीनंतरही ही खोड सुटली नाही, आणि नेमकी स्वतःचंच घर विकायची वेळ आली.

घाई बायकोला होती. मांडीचं हाड मोडल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावर अडकली होती, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. हे घर विकून तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, एवढं ठरलं होतं. "दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन," ती म्हणायची. "येणाऱ्या-जाणाऱ्यांशी भांडेन. इथे भांडायला तुम्ही एकटेच."

नाक्यावरचा एजंट पहिल्याच आठवड्यात येऊन गेला. दोन टक्के दलाली ऐकून ओव्हरसियरांचं डोकंच फिरलं. "दार उघडायचं आणि लावायचं, त्याचे दोन टक्के? घर माझं, तोंड माझं. मीच विकीन."

मग त्यांनी जाहिरात दिली. माणसं यायची आणि ओव्हरसियर त्यांना हौसेने हिंडवायचे. "ही भिंत बघा, ओल धरते. हा बीम पाव इंच खाली आलाय. मोरीचा उतार उलटा दिलाय गाढवांनी." गिऱ्हाईक चहा पिऊन जायचं ते कायमचंच. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. हा गृहस्थ बोलून बोलून सोन्याची माती करत होता.

"अहो, एखाददुसरा दोष त्यांच्यासाठी शिल्लक ठेवा," बायको पलंगावरून म्हणायची. "राहायला आल्यावर त्यांनी शोधायचं काय?"

"फसवून विकायचं नाही मला."

"नका फसवू. पण त्या एजंटला बोलवा. मला खाली जायचंय हो."

"या महिन्यात बघू. नाहीच जमलं तर बोलावतो."

असं ते दर महिन्याला म्हणाले. गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोललेला माणूस बायकोशी हे एकच खोटं चौदा महिने बोलत राहिला.

हिवाळ्यात न्यूमोनियाने ती गेली. अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळेना, तेव्हा चौघांनी ते तिरपं धरून, भिंतीला घासत तिला खाली नेलं. चौदा महिन्यांनी ती उतरली ती अशी.

त्या घरात आता त्यांना बसवेना. ते स्वतः एजंटकडे गेले. "दोन काय, तीन टक्के घे."

"दोनच द्या, काका. पण एक अट आहे. गिऱ्हाईक आलं की तुम्ही तोंड उघडायचं नाही."

नवव्या दिवशी एक नवरा-बायको आली. भिंती पाहिल्या, मोरी पाहिली, खूश झाली. ओव्हरसियर ओठ घट्ट मिटून बसले होते. एजंटने बयाण्याचा विषय काढला, आणि तेवढ्यात त्या नवऱ्याची आई कठड्याला धरून धापा टाकत दारात पोचली.

"जिना जरा उंच आहे," मुलगा म्हणाला.

"सवय होते हो," एजंट म्हणाला. "आणि हवा किती येते बघा."

म्हातारी खुर्चीत टेकली. ओव्हरसियरांकडे वळून तिने विचारलं, "तुमच्या घरच्या कशा चढायच्या हो?"

एजंटने डोळे वटारले. भिंतीबद्दल ते गप्प राहिले होते, बीमबद्दलही राहिले होते. इथे मात्र राहवेना.

"पाय मोडल्यावर चढलीही नाही आणि उतरलीही नाही. चौदा महिने. दोन टक्के वाचवायला मी तिला इथे डांबून ठेवलं. घर चांगलं आहे, ताई, पण तुम्ही घेऊ नका."

सौदा तिथेच फिसकटला. "काका, तुमच्यापुढे हात टेकले," म्हणत एजंट मुलाची समजूत घालायला त्याच्यामागे धावला. सून पुढे पळाली. म्हातारी खुर्चीतच राहिली, म्हणून ओव्हरसियरांनी तिचा हात धरला.

प्रत्येक वळणावर ती थांबली, टेकली, पुन्हा उठली. दहा मिनिटांत ती दोघं खाली होती.

ओव्हरसियर तिथेच खालच्या पायरीवर बसले. इमारतीतल्या दोन भाडेकरूंना हाक मारून, बायकोला खुर्चीत घालून एखाद्या दुपारी नुसतं खाली आणून बसवायचं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. घर विकलं की ती उतरणार, एवढंच डोक्यात होतं.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?" म्हातारीने विचारलं.

त्यांना रडू आवरेना.