ठेकेदाराचा मान

गोपाळरावांनी काळ्या कुत्र्याला काठी दाखवली. "हाड! चल, निघ इथून!"

काळं कुत्रं दोन पावलं मागे सरलं आणि पुन्हा शेपटी हलवत उभं राहिलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चंपाषष्ठीला या दारात बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत मिळतं, खंडोबाच्या कुत्र्याचा मान म्हणून मिळतं, आणि तो घास कुत्र्याच्या पोटात गेल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही, हे धारच्या या गल्लीत त्याला चांगलं ठाऊक होतं. गेली चार वर्षं तेच खात आलं होतं. आणि आज तेच म्हातारबाबा हातात पितळी ताट घेऊन त्याला हाकलत होते.

"मामंजी, अहो द्या ना त्याला," सुमंगला आतून म्हणाली. "साडेदहा वाजले. तुमची साखरेची गोळी व्हायचीये."

"घरचा कुत्रा असताना गल्लीतला कशाला?"

सुमंगलाने हातातला झारा खाली ठेवला. बाहेरच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडलेल्या नीतूने भिंतीकडे तोंड केलं. घरचा कुत्रा! वर्षभरात तिच्या आजोबांच्या, आबासाहेबांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा निघाले होते, आणि निघाले तेही कधी, तर कुत्रा घरात नसताना.

वर्षापूर्वी बायपासच्या पुलाचं काम चाललं होतं, तिथून हे पिलू नीतूने सायकलच्या टोपलीत घालून आणलं होतं. सिमेंटच्या गोण्यांवर बसून ते मजुरांवर देखरेख करत होतं, म्हणून नाव पडलं ठेकेदार. घरात त्याआधी दोन ससे आणि एक लंगडं कबुतर होतंच. सशांनी गोपाळरावांच्या पोथीचं फडकं कुरतडलं, कबुतराने देवघराच्या फळीवर अंडं घातलं. नातीचं कौतुक म्हणून त्यांनी ते सगळं पोटात घातलं. कुत्र्याला मात्र साफ नाही म्हणाले. "देवाधर्माचं घर आहे हे, सराय नाही." तेव्हापासून ठेकेदार उंबऱ्याच्या बाहेरच. थंडी असो, पाऊस असो, पोत्यावर. नीतूचे पप्पा देवासला कारखान्यात, शनिवारी येतात, रविवारी जातात. त्यांनी या भांडणात कधी तोंड घातलं नाही.

आणि नीतू कॉलेजात कमी, डोंगरात जास्त. बीएस्सीचं दुसरं वर्ष, पण वह्यांपेक्षा बुटांनाच चिखल फार. कुठे मोराची पिसं वेच, कुठे सापाची कात आण, कुठे मधमाश्यांकडून गाल सुजवून ये. आणि प्रत्येक वेळी ठेकेदार पुढे.

काल मात्र गोष्ट थट्टेवारी न्यायची राहिली नव्हती. प्रॅक्टिकल आहे म्हणून घरी सांगून ती वर्गातल्या अंशुलच्या मोटारसायकलवरून तिरला गावाच्या पुढे गेली होती. ठेकेदार दोघांच्या मध्ये. डोंगरातल्या एका नाल्याच्या कपारीत घुबडाची पिल्लं आहेत, असं अंशुलला कोणीतरी सांगितलं होतं. पिल्लं काही दिसली नाहीत. नीतूचा पाय तेवढा शेवाळलेल्या दगडावरून सरकला आणि घोटा असा मुरगळला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. परत वर चढणं शक्यच नव्हतं. अंशुलने तिला खांद्याचा आधार देत नाल्यानाल्याने खालच्या रस्त्यावर आणलं. तिथून दोघांनी हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. कुत्र्याचा पत्ता नाही. तेवढ्यात एक जीप थांबली आणि पाय सुजून भोपळा झालेला, त्यामुळे तिच्यात बसावं लागलं.

संध्याकाळी अंशुल रस्त्यालगत लावलेली गाडी आणायला परत गेला, तेव्हा रस्त्यावरून पुन्हा अर्धा तास ओरडून आला. येऊन काही न सुचून म्हणाला, "तिकडे तेंदुआ आहे म्हणतात यार. मागच्याच आठवड्यात बकरी उचलली." सुमंगलाने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण बिबट्याचं नाव निघून गेलं होतं. नीतू रात्रभर रडली. सकाळपर्यंत त्या रडण्याचा राग झाला.

आता अंशुल पायाचं मलम घेऊन आला, तेव्हा गोपाळराव ताट मांडीवर घेऊन ओट्यावरच बसले होते. भरितावर माशी बसत होती आणि ते ती उडवत होते.

"खंडोबाला कोणतंही कुत्रं चालतं," सुमंगला दारात येऊन म्हणाली. "तुम्हीच सांगायचात, मामंजी."

"देवाला चालतं. मला नाही चालत."

"पण उपाशी किती वेळ..."

"वर्षभर या उंबऱ्यावर बसून त्याने घर राखलं. पोस्टमनवर भुंकला, चोरावर भुंकला, माझ्यावरसुद्धा भुंकला. आणि आज मानाचा दिवस आला तर ताट दुसऱ्यापुढे ठेवू? तळी कोणत्या तोंडाने उचलू मी?"

नीतू खाटेवर उठून बसली. "पळाला तो, आबासाहेब! कितीही करा, रस्त्यावरचाच शेवटी. इतक्या हाका मारल्या, आला नाही. नसेल राहायचं त्याला आपल्याकडे. आणि तुम्ही तरी कधी आत घेतलंत त्याला?"

"नीतू!" सुमंगला म्हणाली.

बोलणं गोपाळरावांना लागलं होतं, ते त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, धोतराला हात पुसले आणि खोलीत येऊन खाटेच्या कडेला बसले.

"शेवटचं काय म्हणालीस त्याला?"

"कोणाला?"

"त्यालाच. खाली उतरायच्या आधी. काहीतरी म्हणाली असशीलच की. तू तर त्या कबुतराशीसुद्धा तासन्‌तास बोलतेस."

नीतूने आठवून पाहिलं. नाल्याच्या वरच्या अंगाला एक मोठा पळस होता. तिथून उतार सरळ खाली होता. याचा पाय घसरेल, म्हणून तिने त्याला पळसाखाली थांबवलं होतं. बोट दाखवून.

"बस म्हणाले," ती म्हणाली.

बस म्हटलं की चल म्हणेपर्यंत उठायचं नाही, हे तिनेच त्याला सहा महिने खपून शिकवलं होतं. समोर पोळी ठेवायची आणि घे म्हणेपर्यंत त्याने तोंड लावायचं नाही. गल्लीतल्या पोरांना गोळा करून ती हा खेळ दाखवायची. पोरं टाळ्या वाजवायची आणि ठेकेदार लाळ गाळत तिच्या तोंडाकडे बघत बसायचा.

"आई गं," नीतू म्हणाली. "तो पळाला नाहीये."

"अरे यार," अंशुल म्हणाला. "मी तर खालून, रोडवरूनच आवाज दिली. वर चढून बघितलंच नाही. मला वाटलं, असता तर धावत आला असता."

नीतूने पाय खाली टाकला आणि ओरडून पुन्हा वर घेतला. दुसऱ्यांदा टाकला. तिसऱ्यांदा सुमंगलाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "वेडी आहेस का? चार पावलं चालता येत नाहीत आणि डोंगर चढतेस?"

"मम्मी, तो माझ्याशिवाय उठणार नाही!"

"मी जातो," गोपाळराव म्हणाले.

यावर सुमंगला जे बोलली ते सगळं बरोबरच होतं. वय अठ्ठ्याहत्तर, पोटात अन्नाचा कण नाही, साखर कधी खाली जाईल नेम नाही, आणि मोटारसायकलवर बसून जायचं कुठे, तर जंगलात. गोपाळराव ऐकत होते आणि ऐकता ऐकता रोडगा आणि भरीत डब्यात भरत होते. भंडाऱ्याची पुडी त्यांनी खिशात टाकली, डोक्याला मफलर गुंडाळला. सुमंगलाने शेवटी गुळाचे दोन खडे आणून त्यांच्या तळहातावर ठेवले. "चक्कर आली तर खायचे. देव काही म्हणणार नाही."

"सिंचाई खात्यात होतो तेव्हा हाच डोंगर मोजलाय मी," ते अंशुलच्या मागे बसत म्हणाले. "नीतू, फोन हातात ठेव."

त्यानंतरचा दीड तास नीतूने फोनकडे बघण्यात घालवला. सुमंगलाने केलेला चहा तिने घेतला नाही. तिला दोनच चित्रं दिसत होती. एकात पळसाखाली कोणी नव्हतं, नुसतं रक्त होतं. दुसऱ्यात ठेकेदार बसलेला होता, काल बसवला तसाच, आणि हे दुसरं तिला जास्त सोसवत नव्हतं. सकाळपासून तिने त्याला काय काय म्हटलं होतं! बेइमान म्हटलं होतं, रस्त्यावरचा म्हटलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की आई खोलीत आली तेव्हा तिने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

फोन वाजला. व्हिडिओ लागत नव्हता, नुसता आवाज येत होता, तोही वाऱ्यात फाटलेला.

"ऐकतेस का?" आबासाहेबांना धाप लागली होती.

"आहे का तो?"

"आहे," ते म्हणाले. "बसलाय."

नीतूच्या घशातून हुंदका निघाला. सुमंगला स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिच्याजवळ टेकली.

"लागलंय का त्याला? आबासाहेब, लागलंय का?"

"एक कान फाटलाय. रक्त सुकलंय. रात्री काय झालं ते त्याचं त्यालाच माहीत. गवत दाबून दाबून गोल जागा केलीये." त्यांनी श्वास घेतला. "मी रोडगा पुढे ठेवला. भंडारा लावला. बघतसुद्धा नाही माझ्याकडे. खाली नाल्याकडे बघतोय. तू तिकडूनच उतरलीस ना?"

"हो."

"नीतू, स्पीकर लावलाय," मागून अंशुल म्हणाला. "तू बोल त्याच्याशी."

"ठेकेदार," ती म्हणाली.

पलीकडून बारीक कुईं ऐकू आलं. मग पुन्हा, मोठ्याने, आणि मग तो थांबेचना.

"चल, ठेकेदार. चल. उठ राजा."

"उठला! उठला गं!" आबासाहेब ओरडले. "पाय लटपटतायत पण उठला. फोनच्या मागे जाऊन बघतोय, तू दिसतेस का म्हणून."

"भरीत नका देऊ त्याला. कांदा आहे त्यात, कुत्र्यांना बाधतो. नुसता रोडगा द्या."

"बरं बाई, नुसता रोडगा. माझ्या हातावर धरलाय बघ. सांग आता त्याला."

आबासाहेबांच्या हातावर! ज्या हाताने ते त्याला कधी शिवले नव्हते, त्या हातावर. नीतूने फोन दोन्ही हातांनी धरला. "घे, ठेकेदार. घे बाळा."

थोडा वेळ वाराच ऐकू येत होता. मग कुडुम कुडुम चावल्याचा आवाज आला, आणि आबासाहेबांचं पुटपुटणं, येळकोट येळकोट, जय मल्हार. सुमंगलाने डोळ्याला पदर लावला आणि हात जोडले.

"खातोय?" नीतूने विचारलं.

आवाज थांबला. पानं चुरडल्यासारखी खसखस झाली. अंशुल कुठेतरी लांबून म्हणाला, "अरे अरे, पकडा त्याला, आबासाहेब!"

"खातोय का तो? ठेकेदार, सगळं संपव हं. मग घरी ये. मी इथेच आहे, ठेकेदार, मी..."

"नीतू," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "बाळ, आता तू बोलू नकोस. तू बोललीस की तो तोंडातला घास टाकतो आणि तुला शोधायला नाल्याकडे पळतो."

नीतूने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. फोन तिने ठेवला नाही. पलीकडे पुन्हा सावकाश चावल्याचा आवाज सुरू झाला, आणि रोडगा संपेपर्यंत ती श्वाससुद्धा हळू घेत राहिली.