निम्म्याचा चमत्कार

जासईच्या कंटेनर यार्डाच्या भिंतीलगत भस्मानंद महाराजांचा पत्र्याचा मंडप होता. गुरुवारी तिथं पाय ठेवायला जागा मिळत नसे. येणारे सगळे प्रोस्टेटच्या कॅन्सरचे रोगी, बहुतेक साठीपुढचे. प्रत्येकाच्या हातात रक्ताचे दोन रिपोर्ट : एक सहा महिन्यांपूर्वीचा, एक आत्ताचा.

"किती होता?" महाराज माइकवर गरजले.

"तीस!"

"आणि आता?"

"पंधरा!"

"बघा! डॉक्टर काय करतो? कापतो. आम्ही काय करतो? फुंकतो! चिमूटभर भस्म, अर्धा कॅन्सर भस्म!"

टाळ्या कडाडल्या. दुसरा उठला. त्याचा आकडा नवावरून साडेचारावर आला होता.

मग ज्योतिबा उठले. कोपरखैरण्याचा हा माणूस जन्मभर कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहिलेला माथाडी. पण उठताना हात कमरेवर गेला नि चेहरा आवळला. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, प्रेमलाबाईंनी, ते पाहिलं. या महिन्यात तिसऱ्यांदा.

"चोवीस होता महाराज, आता बारा. लेकीनं सोमवारी हाडाचं स्कॅनिंग लावलंय. आता कशाला जातो?"

मंडप जयजयकारानं दुमदुमला. प्रेमलाबाईंनीही हात जोडले, पण नजर नवऱ्याच्या कमरेवरच होती.

लेक सुनयना बाहेर उन्हात खुर्चीवर बसली होती. मेडिकल दुकानात फार्मासिस्ट, पाचव्या महिन्यात माहेरी आलेली. सेवेकऱ्यानं तिला दारातच अडवलं होतं, "गर्भारणीनं भस्माजवळ यायचं नाही, हात तर लावायचाच नाही. विटाळ होतो."

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, कीर्तनात मला कधी कुणी अडवलं?"

"अडवतंय कशाला? परवा आपल्या कीर्तनकार ज्ञानेश्वरीताईंनी चालू कीर्तन थांबवून सांगितलं न्हवं का, पोरीला भिताडाला टेकू द्या म्हनून."

हे बोलल्या आणि प्रेमलाबाई आपल्याच बोलण्यावर थबकल्या. हा कसला देव, जो पोटुशीला भितो?

ज्योतिबा रोज चिमूटभर पाण्यातून घ्यायचे ती भस्माची पुडी घरी देव्हाऱ्यात ठेवलेली होती. सुनयनानं ती लांबूनच पाहिली. "आई, हे सोवळं नाही गं. प्रोस्टेटची एक गोळी असते आमच्याकडे. तिच्या माहितीपत्रकावर अस्संच छापलेलं असतं : चुरा झालेली गोळी गर्भवतीनं हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका. तूच भर चमचाभर बाटलीत. मी हात लावत नाही."

ओळखीच्या प्रयोगशाळेतून शनिवारी निकाल आला. राखेत त्याच गोळीचा चुरा.

ज्योतिबा भडकले. "असंना का! आकडा उतारला म्हंजी रोग उतारला!"

"आबा, टेन्शन न घेता ऐका. तो आकडा पीएसएचा. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक एन्झाइम. प्रथिनं कापायचं त्याचं काम. ही गोळी दुसऱ्याच एका एन्झाइमला बांधून ठेवते, जे पुरुषी हार्मोनला धार लावतं. धार गेली की पीएसए कमी बनतं, सहा महिन्यांत साधारण निम्मं. म्हणून तर महाराज त्याआधी रिपोर्ट काढू देत नाही! रोगी ही गोळी घेतोय हे डॉक्टरला माहीत असलं तर तो आकडा दुप्पट करून वाचतो."

"मग माजा बारा?"

"चोवीसच समजा."

"आन् रोग?"

"मार्केटात सडक्या गोणीवर गेरूची फुली मारायचात ना?"

"व्हय. फुलीची गोणी भायेर."

"पेशीतपण तसंच. काही एन्झाइम टाकाऊ प्रथिनांवर फुली मारतात, मग ती मोडीत निघतात. या कॅन्सरमध्ये फुली पुसणारी एन्झाइम माजू शकतात. हार्मोनचा सांगावा घेऊन पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारं प्रथिन मग आतच ठाण मांडतं. राखेनं ती फुली परत येत नाही. महाराजानं फक्त वजनकाट्याखाली वीट सरकवलीय, आबा. गाळ्यातला माल कुजतोच आहे."

काट्याखालची वीट ज्योतिबांनी उभ्या आयुष्यात दोनदा पकडली होती. दोन्ही वेळा व्यापाऱ्याच्या तोंडावर पावती फेकली होती. नकळत हात कमरेवर गेला.

"सोमवारी किती वाजता जायचं?"

स्कॅनिंगमध्ये कमरेच्या हाडावर एक डाग निघाला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सहा महिन्यांपूर्वी आजार प्रोस्टेट ग्रंथीतच होता, आता हाडात उतरलाय. पुरता जाईल असं नाही सांगू शकत. पण आवरता येईल. उपचार आजच सुरू करू."

पुढच्या गुरुवारी मंडपात प्रेमलाबाई उभ्या राहिल्या. हातात प्रयोगशाळेचा कागद, दाराशी पोलीस.

"महाराज, एक इचारते. हितं समद्यांचं निम्मंच का वो हुतंय? कुनाचं पाव न्हाई, कुनाचं शून्य न्हाई. तुमचा देव निम्म्यावरच का दमतोय?"

"बाई, श्रद्धा कमी पडली की..."

"श्रद्धा मला शिकवू नका. चाळीस वर्सं कीर्तनात बसते मी. तिथं देव सांगत्यात, गोळ्या कुटून चारत न्हाईत!"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. कारण प्रत्येकजण हातातले दोन कागद एकमेकांशी ताडून पाहत होता. तीस, पंधरा. नऊ, साडेचार. चोवीस, बारा. महाराज मागच्या दाराकडे सरकले; तिथंही पोलीस होता.

प्रेमलाबाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्या रांगेकडे पाहत होत्या. आजवर ध्यानात न आलेलं आता दिसत होतं : उठणाऱ्या किती माणसांचे हात कमरेवर जात होते.

त्यांनी माइक हातात घेतला. "दादांनो, देवाला माना, त्याच्यासाठी गा, नाचा. पन आजार डॉक्टरला दाखवा, आन् कोन काय खायला देतंय ते इचारा. इचारल्यानं देव रागावत न्हाई. भस्म कपाळाला लावा, बाबांनो. पोटात घालू नका."