चार बोटं कमी

मी एक जुना गज आहे, मित्रांनो. पण माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी मला मोजा.

गज म्हणजे भरमार बंदुकीसोबतची लांब काठी. ही बंदूक नळीच्या तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग छर्रे, आणि ते सगळं ठासून बसवायला मी. आष्टीकडे रानडुकरं भुईमुगाचं अख्खं वावर उकरून टाकतात, म्हणून काही शेतकऱ्यांकडे राखणीसाठी परवान्याची बंदूक असे. अण्णाजींकडे होती. चौऱ्याहत्तर साली त्यांनी धामणीची एक फांदी तोडली, चुलीच्या धगीवर शेकून सरळ केली आणि काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केली. तो मी.

मग त्यांनी मला रिकाम्या नळीत सोडलं आणि नळीच्या तोंडाशी माझ्या अंगावर चाकूने एक खाच पाडली.

"आयका रे दोघंही," ते आपल्या मुलांना, चंद्रभान आणि रूपरावला म्हणाले. "खाच तोंडाशी टेकली, म्हनजे बंदूक रिकामी. खाच चार बोटं वर राह्यली, म्हनजे आत बार हाय. नळीवर भरोसा ठेवू नका. गजावर ठेवा."

त्या दिवसापासून संशय घेणं हेच माझं काम झालं. कोणी म्हणे, "रिकामी हाय, बाप्पा, परवाच उडवली." मी नळीत उतरे आणि चार बोटं वर उभा राही. बोलणारा खजील होई. आठ वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. "गज खोटं बोलत नाई," असं घरात सगळे म्हणत. मला फार बरं वाटे.

आता वाटतं, तिथंच काहीतरी चुकलं...

पण ते नंतर सांगतो.

*

अण्णाजी वारले. दोन भाऊ एकाच घरात राहिले, पण संत्र्याच्या बागेला कोणी आधी पाणी द्यायचं यावरून त्यांचं बोलणं बंद झालं. चार महिने. बंदूक मात्र दोघांची एकच होती. ज्याला हवी तो खुंटीवरून काढी, मला नळीत सोडून बघे, आणि काम झालं की परत टांगून ठेवी. एकमेकांना विचारायची गरजच उरली नव्हती. मी होतो ना.

ब्याऐंशी सालच्या पितृपक्षात रूपरावने भुईमुगाच्या राखणीसाठी बार भरला. ठासला मीच. डुकरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला ताप चढला. त्याने भरलेली बंदूक तशीच खुंटीला टांगली आणि अंथरूण धरलं.

घटस्थापनेच्या दिवशी त्याची बायको नलू सीताफळं पाडायला काठी शोधत होती. तिला मी सापडलो. फांदीच्या बेचक्यात माझं खालचं टोक अडकलं, तिने हिसका दिला, आणि टोक मोडलं. चार बोटं. सासऱ्यांच्या हातची वस्तू! भासरे, म्हणजे थोरले दीर चंद्रभान, काय म्हणतील, या भीतीने तिने मोडकं टोक दगडावर घासघासून गोल केलं आणि मला गुपचूप जागेवर ठेवलं.

मित्रांनो, आता हिशोब तुम्हीच करा. बंदूक भरलेली आणि मी चार बोटं तोकडा. मला आत सोडलं तर खाच कुठे टेकेल?

*

दसऱ्याच्या सकाळी जे झालं ते तीन प्रकारे सांगितलं जातं.

गाव सांगतं ते असं. पिठाच्या गिरणीवर सखूबाई म्हणाल्या, "चार महिने बोलनं नाई, अन् सनाच्या दिवशी नेमका भावालेच बार लागते? म्या का येडी हाय?" कोणीतरी म्हणालं, "पाण्याची पाळी आता एकाचीच." आणि सगळे हसले.

पोलीस ठाण्याचे जमादार लक्ष्मणराव यांनी लिहिलं ते असं. 'सदर बंदूक चंद्रभान याचे हातून सुटून रूपराव याचे उजवे खांद्यास जखम झाली. दोघांत पूर्वीचे वैमनस्य असल्याचे समजते. घटनेबाबत संशय आहे.' बंदूक त्यांनी जप्त केली. मला बघून म्हणाले, "हे लाकूड राहू द्या."

झालं ते असं. चंद्रभानने अंगणात पूजेसाठी कोयते, विळे, नांगराचा फाळ मांडला होता. त्या घरात दसऱ्याला पूजेआधी बंदुकीचा घोडा बोलता करायची रीत होती. रिकाम्या बंदुकीवर ठिणगी पाडणारी एक इवलीशी टोपी चढवायची आणि चाप ओढायचा. नुसता फट्ट असा आवाज येई. चंद्रभानने रीतीप्रमाणे आधी मला नळीत सोडलं. खाच बरोबर तोंडाशी टेकली. मला ओरडायचं होतं. खाच बघ, पण टोकही बघ! त्याने मला बाहेर काढलं, टोपी चढवली. बंदूक मांडीवर आडवी होती. नळी कुठे बघते आहे हे त्याने पाहिलं नाही. रिकाम्या बंदुकीची नळी कोण बघतं?

ती दाराकडे बघत होती. दारात रूपराव झेंडूचं तोरण बांधत होता.

*

रूपरावला वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. चंद्रभानला ठाण्यावर बसवून ठेवलं. नलू दवाखान्यात जाई, संध्याकाळच्या एसटीने परत येई आणि मला शोधी. मी कोपऱ्यात असे. ती माझ्याकडे बघे, मी तिच्याकडे. हिने सांगितलं तर चंद्रभान सुटेल. नाही सांगितलं तर हिची चूक कोणालाच कळणार नाही. ही काय करेल?

दुसऱ्या संध्याकाळी तिने मला पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, भाऱ्यात खुपसलं. चुलीजवळच्या. पऱ्हाट्या एकेक करून चुलीत जात होत्या. माझ्या शेजारची गेली. मग तिने मला धरलं, अर्धं चुलीत सरकवलं, आणि एकदम मागे ओढलं. माझी घासलेली बाजू काळी झाली. ती तिथेच बसून राहिली. भाकर करपली.

सकाळी तिने मला जुन्या पातळात गुंडाळलं आणि वर्ध्याच्या एसटीत चढली.

*

जमादार खाटेजवळ वही उघडून बसले होते.

"सांगा, रूपराव. तुमच्या भावानं मुद्दाम मारलं का?"

रूपराव भिंतीकडे बघत होता. "त्याच्या मनात काय होतं, मले काय माहीत?"

"म्हनजे संशय हाय?"

"हाय."

मी पातळाच्या आत सगळं ऐकत होतो. बार कोणी भरला हे ह्याला ठाऊक होतं. मीच तर ठासला होता ह्याच्या हातून.

जमादारांनी 'हाय'चं शुद्ध 'आहे' करून लिहिलं. तेवढ्यात नलूने मला उघडं केलं.

"साहेब, गज म्या मोडला."

"बाई, जबाब चालू हाय. मधात बोलू नका."

"मोजा ना पन! सीताफळं पाडतानी टोक मोडलं. चार बोटं. घासून लपवून ठेवलं म्या. भासऱ्यायनं गज टाकला, खाच तोंडाशी आली, त्यायनं रिकामी समजली. त्यायचा काय गुन्हा?"

जमादारांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "मंग तीन दिवस काऊन नाई सांगतलं?"

"भेव वाटलं. अन्..." तिने पदर तोंडाशी धरला. "मले बी वाटे, त्यायनं मुद्दामच केलं असन. गज म्या मोडला हे माहीत असून वाटे."

रूपरावने मान वळवली. त्याने बायकोकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"लक्ष्मणराव, मांगचं खोडा," तो म्हणाला. "बार म्या भरून ठेवला होता. तापात पडलो. कोनाले सांगतलं नाई."

"एका शब्दानं सांगाचं होतं ना भावाले!"

"बोलनंच कुठं होतं?"

जमादारांनी पेन कानावर ठेवलं. "भरली एकानं, मोडला दुसऱ्यानं, उडवली तिसऱ्यानं. आता मी लिहू काय?"

"जसं झालं तसंच लिवा."

*

चंद्रभानवर निष्काळजीपणाचा ठपका राहिला, पण भावाला मुद्दाम मारल्याचा डाग पुसला गेला. परवाना रद्द झाला, बंदूक जमा झाली. रूपरावचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मी आता बागेत संत्र्याच्या एका रोपाला आधार म्हणून उभा आहे. कोणी मला खोटा म्हणत नाही. मीच म्हणतो.

मित्रांनो, बंदूक दिसली तर हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलवा. मोठे झालात आणि कधी हाती घ्यावी लागलीच, तर ती भरलेलीच आहे असं समजा. कोणी 'रिकामी' म्हणो, खाच काहीही सांगो. नळी माणसाकडे वळवू नका. पूजेतसुद्धा नाही. टोपी, दारू आणि बंदूक एका जागी ठेवू नका. घरातलं काही मोडलं तर लपवू नका. रागे भरतील, भरू द्या. आणि मापावर विसंबून माणसाला विचारणं सोडू नका.

काल दोघे भाऊ बागेत फवारणीला आले होते. अजूनही ते फारसं बोलत नाहीत. चंद्रभानने पंप उचलून रूपरावच्या पाठीवर चढवला, पट्टा सारखा केला, पण हात काढला नाही.

"भरला हाय," तो म्हणाला. "जहर हाय."

"आयकलं, दादा," रूपराव म्हणाला.

मगच त्याने हात सोडला.