रविवारचा खोकला

सान बर्नार्डिनो शहरात एलिसेओ पाद्रींच्या चर्चच्या अंगणात उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी तोबा गर्दी व्हायची आणि ती सगळी गर्दी एका सुरात खोकायची. तोच चमत्कार होता.

आमची वस्ती ट्रकवाल्यांची. आठवडाभर महामार्गावर ट्रक धूर ओकत धावतात, तरी माणसं कशीबशी कामाला जातात. रविवारी ट्रक उभे असतात, आणि नेमके तेव्हाच डोळे चुरचुरतात, घसा जळतो, दमेकरी आडवे होतात.

"धुरानं खोकला येतो म्हणता ना?" पाद्री विचारत. "मग धूर कमी असतो तेव्हाच तो वाढतो कसा? लेकरांनो, हे डिझेल नव्हे. हे तुमचं आठवड्याचं पाप, देवाच्या दिवशी बाहेर पडतंय."

ट्रकवाल्यांना हा सिद्धांत फार आवडला. धुरावरून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा पापी ठरणं कितीतरी सोयीचं होतं.

पापी खोकून दमले, की पाद्री त्यांना पाळीपाळीनं शुद्धीच्या खोलीत नेत. दारं-खिडक्या बंद, एसी चालू, लांबलचक प्रार्थना. माणूस हसत बाहेर येई. अट एकच होती: औषधावर विसंबणारा देवावर विसंबत नाही, तेव्हा दम्याचे पंप दारातल्या टोपलीत टाकायचे.

ओर्तेन्सियानं आपल्या लेकीचा, छोट्या नायेलीचा, पंप त्या टोपलीत टाकला होता. त्या रविवारी पोरीला श्वास घेववेना. ओठ निळसर पडले. पाद्रींनी रांगेकडे बोट दाखवलं. मुलीचं पाप लहान आहे, ते जरा थांबेल, असं त्यांचं म्हणणं.

ओफेलियाबाई नायेलीच्या शाळेत विज्ञान शिकवत. म्हाताऱ्या आईला सोडायला म्हणून त्या तिथं आल्या होत्या. त्यांनी टोपली सरळ उपडी केली.

"ओर्तेन्सिया, तिचा कुठला गं?"

"बाई, पाद्रीबाबा रागावतील."

"रागावू देत. त्यांना श्वास येतोय."

ओर्तेन्सियानं पंप उचलला. पोरीला औषध देऊन बाईंनी तिला समोरच्या बंद दाराआड नेलं. ते फिदेन्सिओचं अंत्यविधीचं, शवपेट्यांचं दुकान. फिदेन्सिओ कुठल्याच चर्चला जात नसे. दुपारी बिअर घेऊन एसीत बसे. त्याच्याकडे आत गेलेलं कुणी बरं होऊन बाहेर आल्याची नोंद नव्हती. पण नायेलीचे ओठ हळूहळू गुलाबी झाले आणि तिनं विचारलं, या पेटीतली गादी एवढी मऊ कशाला?

पाद्री मागोमाग आलेच. ही औषधाची किमया, सैतानाची, असं ते सांगू लागले. पण पाहायला म्हणून आत घुसलेला ट्रकवाला रोहेलिओ एव्हाना खोकायचा थांबला होता.

"बाबा, मी कुठं औषध घेतलं?" तो म्हणाला. "मी तर नुसता मयताच्या खुर्चीवर बसलोय."

त्याच्यामागून आत आलेल्या चौघांनीही घसा खाकरून पाहिला. पाप बेपत्ता होतं. पाद्रींनी दुकानात पावित्र्य शोधलं. बिअरचं कॅलेंडर तेवढं सापडलं.

मग ओफेलियाबाईंनी सांगितलं. खोकला आणतो तो ओझोन वायू. आभाळात उंचावर तो आपल्याला सांभाळतो, जमिनीलगत छाती जाळतो. इंजिनांचा धूर, पेट्रोल-रंगांची वाफ आणि कडक ऊन मिळून तो तयार होतो. गंमत अशी, की ट्रकचा ताजा धूर फार झाला तर तयार झालेला ओझोन तोच खाऊनही टाकतो. रविवारी धूर घटतो, खाणारा घटतो. ऊन आणि वाफ मात्र सुट्टी घेत नाहीत. म्हणून आपल्याकडे रविवारी ओझोन चढतो. हवा मोजणारी सरकारी यंत्रंही तेच दाखवतात. बंद खोलीत तो भिंती-पडद्यांना लागून लवकर मोडतो. खोली कुणाची, हे तो विचारत नाही.

"आणि रोहेलिओ, तुझ्या वायपरचं रबर उभ्या-उभ्या तडकतं ना? ते काय पापी आहे?"

रोहेलिओनं डोकं खाजवलं. "म्हणजे रविवारीही ट्रक काढायचे म्हणता?"

"एक चोर दुसऱ्याचा खिसा मारतो, म्हणून त्याला घरी ठेवतोस का? धूरही कमी करायचा आणि वाफही."

रोहेलिओच्या बायकोनं हे दारातून ऐकलं. त्याची पापी राहण्याची सोय संपली.

पुढच्या रविवारी ओर्तेन्सिया लेकीला घेऊन चर्चला गेली, पण सकाळी, ऊन चढायच्या आत. पाद्रींनी टोपली पुढे केली. तिनं त्यात दोन नाणी टाकली आणि पंप नायेलीच्या खिशात आहे ना, ते चाचपून पाहिलं.

श्रद्धा कुठं ठेवायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण खोकल्याला पाप म्हणण्याआधी हवेत काय आहे ते विचारावं, आणि लेकराचा श्वास कुणाच्याही टोपलीत टाकू नये.