एकशेविसावा दिवस

प्रोग्राम लिहिणं सोपं असतं, त्याची किंमत सांगणं अवघड. दूध संस्थांसाठी मी पहिला प्रोग्राम लिहिला आणि पंधरा हजार सांगितले, तेव्हा राहुरीकडच्या एका चेअरमननी फ्लॉपी तळहातावर घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि म्हणाले, "ह्याचे?" पंचेचाळीस हजारांचा कॉम्प्युटर त्यांनी हूं की चूं न करता घेतला होता. तो टेबलभर दिसत होता ना. घासाघीस होत होत चार हजारांवर जमलं, आणि महिन्याभरात तीच फ्लॉपी आजूबाजूच्या पाच गावांत फुकट पोचली.

मला भयंकर राग आला. त्या रागातच मी किमतीची नवी रीत काढली. लोक प्रोग्रामला पैसे देत नाहीत, पण दुरुस्तीला देतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं. विहिरीवरची मोटार दुरुस्त करणाऱ्यानं पाने काढले, हात काळे केले की पैसे देताना कुणी कुरकुरत नाही. म्हणून मी नवा प्रोग्राम हजार रुपयांत विकायला लागलो आणि त्याच्या आत गुपचूप एक कुलूप घातलं. एकशेवीस दिवस झाले की तो बंद पडायचा. सकाळी संस्थेतून फोन यायचा, दुपारपर्यंत मी नगरहून हजर. कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, ब्रशनं धूळ झाडायची, एखादं कार्ड काढून पुन्हा बसवायचं. चहा आला की सगळे कपाकडे वळायचे, तेवढ्यात मी सहा आकडे दाबायचो. पुढचे एकशेवीस दिवस निर्धास्त. दुरुस्तीचे सातशे रुपये अकरा गावं खुशीनं द्यायची. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यातलं एक गाव आप्पासाहेबांचं, ते तिथल्या संस्थेचे चेअरमन. तिथं कॉम्प्युटरवर प्रज्ञा बसायची. बी.कॉम. झालेली, बौद्धवस्तीतली. आई विमलबाई रोजानं कांदे काढायला जायची. ह्या कामात दुधाला हात लावायचा नव्हता, म्हणून तिच्या नेमणुकीला कुणी हरकत घेतली नाही, असं सेक्रेटरीनं मला हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार, म्हणजे दूध घालणाऱ्यांचे पैसे, व्हायचा. तीनशे घरांची बिलं ती एकटी छापायची आणि आजवर एका बिलात चूक निघाली नव्हती.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, एकोणतीस तारखेला, तिथून तिसऱ्यांदा फोन आला. मी पोचलो तेव्हा प्रज्ञा कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवत होती आणि तिच्या खुर्चीत आप्पासाहेबांचा पुतण्या गोरक्ष बसला होता.

"पोरीला काढली," आप्पासाहेब म्हणाले. "ऐन पगाराच्या तोंडावर मशीन बंद पडतंय. तीनदा झालं."

"विजेचा दाब कमी-जास्त होतो, आप्पा. तिची चूक नसेल."

"वीज समद्यांला तीच हाय, चेतनराव. शेजारच्या गावात तुमचाच प्रोग्राम हाय, तिथं एकदा बी बंद पडला न्हाई. मग फरक कशाचा? हाताचाच की न्हाई?"

शेजारच्या गावात चोरून नेलेली जुनी फ्लॉपी होती. तिच्यात कुलूप नव्हतं. हे मी सांगणार कसं? एका गावात सांगितलं की अकरा गावांत बोभाटा होणार. खोलीचं भाडं, घरखर्च, सगळं त्या कुलपावर चाललेलं. मी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि डबा उघडून बसलो.

चहा आला. सगळे वळले, पण प्रज्ञा वळली नाही. माझी बोटं कीबोर्डवर थांबली. तिनं जवळ येऊन वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. तीन जून. एक ऑक्टोबर. एकोणतीस जानेवारी. खाली लिहिलं होतं, "दर एकशेवीस दिवसांनी. यानंतर एकोणतीस मे."

"सर, हा कशाचा दोष असेल?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

ती बाहेर गेली. मला लाज वाटली. इतकी की, सहा आकडे न दाबता मी बॅगेतली माझी मूळ फ्लॉपी काढली आणि त्या मशीनमधलं कुलूप कायमचं उडवून टाकलं. निदान पुढं इथं कुणाला बोलणी बसणार नाहीत, असं मनाशी म्हटलं. परतीच्या एस.टी.त मला जरा बरंही वाटलं.

ते पान मी जपून ठेवलं होतं. एकोणतीस मेला राहवेना. कुणी बोलावलेलं नसताना गेलो. सुरळीत चाललेलं मशीन एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बस्स.

दुपारी संस्थेच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. एका बाजूला विमलबाई, तिच्याजवळ प्रज्ञा. आत प्रिंटर एकसारखा करकरत होता.

"या चेतनराव, बऱ्या वेळेला आलात," आप्पासाहेब खुशीत होते. "ही पोरगी जाताना, तुमी आत व्हता तवा, ओट्यावर समद्यांम्होरं सांगून गेल्ती. कुणीबी बसवा, एकोणतीस मेला मशीन बंद पडंल. पडलं तर मला कामावर परत घ्या, म्हनली. आमी व्हय म्हनलो. सकाळपास्नं वाट बघतोय. दोनशे बिलं निघाली. गोरक्षचा हात लागल्यापास्नं एकदा बी बंद न्हाई."

लोक हसले. तिच्याकडे एवढा एकच पुरावा होता, आणि तो मी स्वतःला बरं वाटावं म्हणून पुसून टाकला होता.

"आता वर्साच्या देखभालीचं एकदमच ठरवून टाकू," आप्पासाहेब म्हणाले. "तीन हजार. काम चोख हाय तुमचं."

प्रोग्राम नीट चालतो म्हणून पैसे मिळावेत, यासाठी दोन वर्षं मी तडफडलो, ते आज कुणीतरी आपणहून देत होतं. नोटा समोर आल्या. आता बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. हात मात्र पुढे झाला आणि नोटा खिशात गेल्या.

विमलबाईनं पदर खोचला. "चल बाई," ती लेकीला म्हणाली.

प्रज्ञा निघाली, पण माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळल्यावर माणूस कागदाकडे बघतो तशी ती माझ्याकडे बघत होती.

"सर, मशीन तर चालू आहे," ती म्हणाली. "मग आज तुम्हाला फोन कुणी केला?"

ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"इकडून चाललो होतो," मी म्हणालो. "सहज आलो."