कोपऱ्यातली पातळ वाळू

आमच्या ओक्लाहोमात उन्हाळ्यात घोड्यांच्या रेनिंगची स्पर्धा भरते, आणि दर वर्षी तिथली माणसं बघून माझं डोकं फिरतं. यंदा तर हद्दच झाली.

खेळ तसा साधा. घोडी भरधाव सोडायची आणि शेवटच्या खुणेचा खांब गेला की 'व्हो' म्हणायचं. मग ती मागचे पाय पोटाखाली घेते नि वाळूत घसरत जाऊन थांबते. खांबाच्या अलीकडे थांबवली तर गुण कापतात. पलीकडे नेमकं कुठं थांबवायचं ते स्वारानं ठरवायचं, आणि अक्कल लागते ती तिथंच.

स्वार माझा मुलगा, वेड. घोडी माझी, पीच. माझ्याच हातांवर जन्मली, मीच तयार केली. तिचा मागचा डावा पाय जरा दुखरा. म्हणून सकाळीच वेडला घेऊन मैदान पायी फिरले. लांबच्या कोपऱ्यात वाळू सारखी करणारा ट्रॅक्टर वळतो, तिथली वाळू उडून जाते आणि खाली टणक जमीन उरते. टाचेनं उकरून दाखवलं त्याला. खांब गेला की लगेच थांबव, तिथं वाळू भरपूर आहे, कोपऱ्यात नेलीस तर पाय जाईल तिचा, असं बजावलं. तो "हो आई, हो आई" करत होता, डोळे मात्र कोपऱ्यातल्या बाकांवर. तिथं रॉयस बसणार होता. त्याच्या मोठ्या तबेल्याला स्वार हवा होता आणि वेडला ती नोकरी हवी होती.

पहिल्यांदा वेडनं सांगितल्यासारखं थांबवलं. पीच लोण्यात सुरी जावी तशी घसरली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या धावेत खांब मागे गेला आणि हा गप्पच. पीचचे कान मागे वळले, ती विचारत होती बिचारी. यानं उत्तर म्हणून टाच मारली. नेली तिला थेट कोपऱ्यात, रॉयसच्या नाकासमोर, आणि मग म्हणाला 'व्हो'. नाल जमिनीवर खरवडल्याचा आवाज मला फाटकापाशी ऐकू आला. सगळे बाकांवर उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. पीच उठली ती डावा पाय उचलूनच, आणि माझं कार्टं टोपी हलवत होतं. किळस आली मला. पोटच्या पोराची किळस.

फाटकाबाहेर मी खाली बसून तिचा पाय हातात घेतला. सांधा तापून टम्म झालेला. हा पाय पुन्हा वाळूत घसरायचा नाही, हे हाताला लगेच कळलं.

रॉयस आला. हातात मक्याच्या पिठात तळलेलं सॉसेज, मिशीला मोहरीची चटणी. पोराला छाती आहे म्हणाला, सोमवारपासून ये म्हणाला. घोडीकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

"आई, येईल गं पाय ठिकाणावर," वेड हळूच म्हणाला. "आत्ता जरा हस तरी."

रॉयसनं चटणी पुसली. "तुम्हीच शिकवलंत ना याला?"

वेड माझ्याकडे बघत राहिला. मी हो म्हणेन अशी त्याची खात्रीच होती.

"नाही," मी म्हणाले. "मी फक्त घोडीला शिकवलं."

वेडच्या हातातून लगाम काढून घेतला आणि पीचला हळूहळू गाडीकडे नेलं. तो मागून आला नाही.